'प्रकृती स्थिर' : कशाच्या जिवावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुणी मोठी व्यक्ती रुग्णालयात दाखल झाली की दुसऱ्या दिवशीच्या अंकात एक वाक्य ठरलेलं असतं : 'प्रकृती स्थिर असल्याचे डॉक्टरांनी सांगितले.' तुमच्याच नव्हे, सगळ्याच वर्तमानपत्रांत. मी ३१ वर्षं परिचारिका होते, त्यांतली १९ अतिदक्षता विभागात. नाइट ड्युट्या किती केल्या ते मोजायचं मी केव्हाच सोडून दिलं. त्यामुळे 'स्थिर' हा शब्द वाचला की मला चैन पडत नाही. स्थिर आहे, बरं आहे. पण तसं राहण्यासाठी शरीराला किती राबावं लागतंय, हे कोण विचारणार? त्यात गेल्या पंधरवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत 'तुमचे आकडे तपासा' अशी चौकट आली. रक्तदाब इतका, साखर इतकी, ऑक्सिजन इतका. या मर्यादेत असाल तर निर्धास्त राहा. त्या 'निर्धास्त'पाशी माझं घोडं अडलं, म्हणून हे पत्र. लांबलं तर काटछाट करा, पण त्या रात्रीची हकीकत तेवढी ठेवा.

नोकरीला लागून मला सहा-सात वर्षं झाली होती. म्हणजे सगळं येतं असं वाटायचे दिवस. सर्जिकल वॉर्डात मी रात्रपाळीला होते. दुपारी पोटाचं ऑपरेशन झालेला एक पेशंट, चाळिशीच्या आतबाहेरचा, अंगापिंडाने मजबूत. रात्री नऊला ड्युटी घेतली तेव्हा बीपी १२४/७६, नाडी ८४. अकराला १२०/८४, नाडी ९८. एक वाजता ११६/९२, नाडी ११८. तो सारखं पाणी मागत होता. चादर ओढायचा, पुन्हा फेकायचा, कूस बदलू बघायचा. पाय गार लागले म्हणून मी त्याच्या पायांवर आणखी एक ब्लँकेट घातलं, आणि आपण फार प्रेमाने करतो असं मनाशी म्हटलं. युरिन बॅगेत दोन तासांत जेमतेम ४० मिलि जमली होती. ऑन-कॉल डॉक्टरांना फोन केला. पहिला प्रश्न : "बीपी किती?" मी म्हटलं, "११६." "मग झालं तर. सकाळी बघू." खरं सांगायचं तर मलाही हायसं वाटलं. चार्टवर 'बीपी नॉर्मल' असं लिहून मी पुढच्या खाटेकडे वळले.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी त्याच्या बायकोने हाक मारली. बीपी ७४. खालचा आकडा ऐकूच येत नव्हता. पुढची धावपळ सांगत नाही. आत एका रक्तवाहिनीला बांधलेली टाक्याची गाठ सुटली होती आणि तो संध्याकाळपासून पोटातल्या पोटात रक्त गमावत होता. तो वाचला. त्यात माझी हुशारी काही नव्हती. त्या बाईची झोप सावध होती एवढंच.

सकाळी निघण्याआधी तो चार्ट मी पुन्हा हातात घेतला. सगळं त्यात लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात.

काय लिहिलेलं होतं ते आता सांगते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या धमन्यांमध्ये, आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत, ताण ओळखणाऱ्या चेतातंतूंची टोकं असतात. प्रत्येक ठोक्याला धमनी किती ताणली गेली याची खबर ती मेंदूच्या तळाशी पोचवतात. ताण जरा कमी पडला की एक-दोन सेकंदांत हुकूम सुटतो : हृदया, जोरात चाल, कातडीच्या, आतड्यांच्या, मूत्रपिंडाच्या बारीक धमन्यांनो, आवळा. कारण मेंदू आणि हृदय यांचा पुरवठा तुटता कामा नये, बाकीचे थांबू शकतात. माझ्या पेशंटच्या बीपीचा खालचा आकडा ७६ वरून ९२ वर का गेला? धमन्या आवळल्या गेल्या म्हणून. पाय गार का पडले? त्यांचं रक्त काढून घेतलं होतं म्हणून. लघवी का अडली? तासाला निदान ३०-३५ मिलि यायला हवी तिथे २० येत होती, कारण मूत्रपिंड पाण्याचा थेंबन् थेंब राखून ठेवत होतं. तहानसुद्धा त्यातलीच; रक्त कमी पडलं की तहान लावणारी रसायनं वाढतात. ११६ हा एक आकडा शाबूत ठेवायला त्याचं अख्खं शरीर जुंपलं गेलं होतं, आणि आम्ही दोघांनी तेवढा एकच आकडा बघून सुटकेचा श्वास टाकला.

प्रौढ माणसात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं १५ टक्क्यांपर्यंत गेलं तर फारसं काही दिसतच नाही. ३० टक्के, म्हणजे दीड लिटरपर्यंत वरचा आकडा बहुतेक वेळा टिकून राहतो. नाडी मात्र शंभरापलीकडे गेलेली असते. त्यानंतर जे घसरतं ते पायरी-पायरीने नाही, कड्यावरून. आणि तरण्याताठ्या माणसाचं, त्याहून जास्त लहान मुलाचं शरीर हा तोल जास्त वेळ धरून ठेवतं. म्हणून ते शेवटपर्यंत बरे दिसतात आणि मग एकदम कोसळतात. रक्तदाब उतरायची वाट बघणं म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणायला घेणं.

घरचा हिशेब बघा. महिनाअखेरीला जमा-खर्चाचा मेळ बसला, एवढ्यावरून घर सुखात आहे असं म्हणता येत नाही. तो पगारात बसला की उसनवारीवर, की एखादा दागिना मोडून, हे शेवटच्या ओळीत दिसत नाही. त्यासाठी मधली पानं उलटावी लागतात. आमच्या चार्टवर नाडी, श्वास, लघवी, पायांची ऊब ही ती मधली पानं.

शरीराच्या आतलं वातावरण बाहेरच्या बदलांपासून सांभाळलं जातं ही कल्पना क्लॉद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाची, एकोणिसाव्या शतकातली. तिला नाव दिलं अमेरिकेच्या वॉल्टर कॅनन यांनी, १९२६ साली : होमिओस्टॅसिस. आपल्याकडे 'समस्थिती' म्हणतात. हा शब्द निवडताना कॅनन यांनाही धास्ती होती की 'स्थिती' म्हटल्यावर लोकांना काहीतरी थिजलेलं, साचलेलं वाटेल. म्हणून त्यांनी मुद्दाम खुलासा केला होता की ही स्थिती हलती आहे, एका पट्ट्यात राहणारी आहे. शब्दाच्या सुरुवातीचा 'होमिओ'सुद्धा 'तोच' या अर्थाचा नाही, 'त्याच्यासारखा' या अर्थाचा. बातमीत तो शब्द नसतो, 'स्थिर' असतं, आणि कॅनन यांना नको असलेला अर्थ वाचणाऱ्याच्या मनात नेमका जाऊन बसतो.

भोवरा आठवा. तो सगळ्यात शांत उभा दिसतो तेव्हाच सगळ्यात जोरात फिरत असतो. डगमगायला लागतो तो वेग संपत आल्यावर.

अडीचशे वर्षांपूर्वीचा एक प्रयोग मी नव्या मुलींना नेहमी सांगायची. लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन नावाचे डॉक्टर आपल्या मित्रांबरोबर तापवलेल्या खोलीत जाऊन बसले. त्याचा वृत्तांत १७७५ साली छापून आला. खोली तापवत तापवत २६० अंश फॅरनहाइटपर्यंत नेली होती, म्हणजे जवळजवळ १२७ अंश सेल्सिअस. पाणी उकळतं त्याच्याही वर. तिथे ब्लॅग्डेन आठ मिनिटं थांबले. त्या खोलीत ठेवलेली अंडी वीस मिनिटांत टणक झाली. माणूस मात्र चालत बाहेर आला, आणि त्याच्या शरीराचं तापमान फारसं हललं नव्हतं. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते आणि सगळे 'वा, काय शरीर आहे!' म्हणतात. मी मुलींना पुढची ओळ सांगायची : बाहेर आल्यावर त्यांची नाडी मिनिटाला १४४ होती. एरवीच्या दुपटीहून जास्त. थर्मामीटरने जे दाखवलं नाही ते मनगटाने दाखवलं.

ती १४४ कुठे खर्ची पडत होती? कातडीकडे. एरवी कातडीतून मिनिटाला अर्धा लिटरसुद्धा रक्त फिरत नाही; कडक उष्म्यात ते सहा-सात लिटरपर्यंत जातं. ते सगळं हृदयाने उपसायचं. आतली उष्णता रक्ताबरोबर कातडीपर्यंत येते आणि घाम वाळताना ती घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. तेवढी उष्णता ६० किलोच्या माणसात अडकून राहिली तर त्याचं तापमान दहा अंशांहून जास्त चढेल, म्हणजे तो जगणारच नाही. इथे 'वाळला तर' हे महत्त्वाचं. निथळून खाली टपकलेला घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता नेत नाही. म्हणून दमट हवेत घामाच्या धारा लागूनही माणूस तापत जातो. ब्लॅग्डेन यांची खोली कोरडी होती, हे त्यांचं नशीब. उन्हात रोज थोडं थोडं काम करत गेलं की आठ-पंधरा दिवसांत घाम लवकर फुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. शरीर हेही शिकतं. पण पहिल्याच दिवशी ज्याला भर उन्हात उभं केलं, त्याने हे शिकायचं कधी?

तापाचा विषय निघालाच आहे तर त्याची उलटी बाजूही सांगते, कारण आकडा बिघडलेला दिसतो तेव्हा शरीर बिघडलेलंच असतं असंही नाही. आपल्याकडे 'थंडी वाजून ताप आला' म्हणतात. क्रम अगदी बरोबर आहे. जंतूंची चाहूल लागली की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र आपली खूण वर सरकवतं, समजा ३९ वर. त्या क्षणी शरीर ३७ वर असतं, म्हणजे नव्या हिशेबाने दोन अंशांनी गार. म्हणून हुडहुडी भरते, अंगावर काटा येतो, माणूस पांघरूण ओढतो. ३९ झालं की थंडी थांबते. खूण पुन्हा खाली आली की घाम फुटून ताप उतरतो. तापाची गोळी ही खूणच खाली आणते. उष्माघाताचं तसं नाही. तिथे खूण जागच्या जागी असते आणि शरीर हरलेलं असतं, म्हणून तिथे गोळी कामाची नाही. बाहेरून पाणी-बर्फ-पंखा करून अंग तातडीने थंड करावं लागतं. थर्मामीटरवर दोन्हीकडे ४० दिसेल. एकात शरीराने ठरवून चढवलेलं, दुसऱ्यात त्याच्या हातून निसटलेलं.

(आणि ते ३७ तरी कुठे दगडावरची रेघ आहे? वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांनी १८६८ साली हजारो रुग्णांच्या नोंदींवरून तो आकडा रूढ केला. पहाटे आपण अर्ध्या अंशाने गार असतो, उतरत्या दुपारी तेवढेच गरम. रोज पाच वाजता "सिस्टर, ताप वाढला हो" म्हणत येणारे नातेवाईक मी मोजले असते तर त्याचाच एक चार्ट झाला असता.)

साखरेचं तर आणखी नवल. सगळ्या रक्तात मिळून एका वेळी किती साखर असते, असं विचारलं तर लोक वाटीभर, मूठभर असं काहीही सांगतात. गणित सोपं आहे : १०० मिलि रक्तात ९० मिलिग्रॅम, एकूण पाच लिटर, म्हणजे साडेचार ग्रॅम. चहाचा एक चमचा. एकटा मेंदू दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास साखर वापरतो, तरी चमचा रिकामा होत नाही आणि जेवणानंतर ओसंडूनही फार काळ वाहत नाही. यकृत भरून ठेवतं, सोडतं. स्वादुपिंड इन्सुलिन कमी-जास्त करतं. आता हा सापळा बघा. ज्याचं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, त्याचं स्वादुपिंड सुरुवातीची कित्येक वर्षं जास्त इन्सुलिन ओतून ती बाजू सावरून धरतं. तपासणीच्या कागदावर उपाशीपोटीची साखर ९२. चौकटीप्रमाणे निर्धास्त. ९२ ठेवायला किती इन्सुलिन लागलं हे त्या कागदावर नसतं. स्वादुपिंड दमलं की मग आकडा हलतो आणि माणूस म्हणतो, अचानक साखर निघाली. मूत्रपिंडाचंही तेच, त्याने गाळून बाहेर टाकायचं क्रिएटिनिन रक्तात वाढलेलं दिसेपर्यंत बहुधा निम्मं काम बंद पडलेलं असतं.

आता एक कबुली. टीपीआर चार्टवर तापमान, नाडी आणि श्वास अशा तीन नोंदी असतात. त्यातली श्वासाची बहुतेक वॉर्डांत कुणी मोजतच नाही. सगळ्यांचे श्वास २०. म्हाताऱ्याचे २०, तरण्याचे २०, घोरणाऱ्याचे २०. मीही कित्येक वर्षं २० लिहिले. त्या रात्रीच्या चार्टवरही वीसच आहेत, आणि ते खोटे असणार हे मला आज सांगता येतं. मोजायचे तर पूर्ण एक मिनिट लागतं, आणि पेशंटला कळू द्यायचं नसतं, कारण कळलं की त्याचा श्वास बदलतो. म्हणून मनगट धरून नाडी बघितल्यासारखं करायचं आणि डोळा छातीवर ठेवायचा. हे मला एका जुन्या सिस्टरांनी शिकवलं, पण घडाभर चुका केल्यावरच ते माझ्या अंगवळणी पडलं.

श्वासाला मी एवढं का धरून बसते? कारण रक्तातलं आम्लाचं प्रमाण राखायचं सगळ्यात झटपट साधन तेच आहे. रक्ताचा सामू, म्हणजे आम्लतेचं माप (पीएच), ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्टीत राहावा लागतो. मधुमेहाचा एखादा पेशंट इन्सुलिनअभावी आम्लाने भरून जातो तेव्हा तो लांब, खोल, न थांबणारा श्वास घ्यायला लागतो. धावून आल्यासारखा, पण पडल्या जागी. कुसमाउल या जर्मन डॉक्टरांनी १८७४ साली त्याचं वर्णन केलं आणि तो श्वास आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. ते शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून आम्ल कमी करत असतं. बोटाला ऑक्सिमीटर लावा, ९८ दाखवेल. न्यूमोनिया झालेल्या माणसाचंही तसंच, सुरुवातीला ९५-९६ दिसेल, कारण तो मिनिटाला ३२ श्वास घेतोय. घरोघरी ती चिमटी आली तेव्हापासून मी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना सांगते : चिमटी लावा, पण त्याआधी घड्याळ लावून श्वास मोजा. मोठ्या माणसाचे शांत बसलेले असताना १२ ते २०. त्याला एक वाक्य सलग बोलता येतंय का बघा. वाक्य मध्ये तुटत असेल तर ९६ वर जाऊ नका.

निवृत्तीनंतर मी स्वतःच हिसका खाल्ला. पहाटे तीनला जाग आली, ताडकन उठले आणि दरवाज्याशी पोचायच्या आत खाली. उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. मघाशी सांगितलेली मानेतली यंत्रणा ते दोन क्षणांत सावरते. वयाबरोबर ती मंदावते. त्यात माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी एक नाडीला लगाम घालणारी. बसल्या बसल्या माझा रक्तदाब १२८/७८, अगदी तुमच्या चौकटीतला. उभ्याने कुणी मोजलाच नव्हता. डॉक्टरांनी मोजला तेव्हा वरचा आकडा १०२. मनगटाला खरचटण्यावर निभावलं. तेव्हापासून उठल्यावर खाटेच्या कडेला पाय सोडून बसते, मनात साठ मोजते आणि मग उभी राहते. तीच गोळी घेणाऱ्यांसाठी आणखी एक : रक्तस्राव झाला तरी अशांची नाडी हवी तेवढी धावत नाही, तेव्हा मी वर जिच्यावर एवढी भिस्त ठेवली ती खूणही त्यांच्या बाबतीत दगा देऊ शकते. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी गोळ्यांची यादी आधी पुढे करा.

तुमच्याकडे मागणं दोनच. चौकट पुन्हा छापाल तेव्हा रक्तदाबाखाली नाडीची एक ओळ टाका, ऑक्सिजनखाली श्वासाची, आणि साठीपुढच्यांसाठी 'बसून आणि उभ्याने' हे शब्द. आणि बातमीदारांना सांगा, 'प्रकृती स्थिर' असं कानावर आलं की एक प्रश्न विचारा : कशावर? माझ्या शेवटच्या वर्षात अतिदक्षता विभागात शेजारशेजारच्या दोन खाटा होत्या. दोन्ही मॉनिटरवर बीपी ११०/७०. एका खाटेवरचा पेशंट उशीला टेकून सुनेशी कशावरून तरी हुज्जत घालत होता. दुसऱ्याला व्हेंटिलेटर होता आणि रक्तदाब धरून ठेवणाऱ्या नॉरअॅड्रिनलिनचा पंप सुरू होता. सिरिंज संपत आली की दुसरी भरून तयार ठेवायला लागायची, कारण बदलताना पाच-दहा सेकंदांचा खंड पडला तरी ११० चे ८० व्हायचे. बाहेर बाकावर दोन्ही घरची माणसं बसली होती. त्या सकाळी दोन्ही घरच्यांना सांगितलं गेलं, प्रकृती स्थिर आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका